नऊ सीटची गाडी

आधी माफी मागतो. आत्मकथन लिहायला माणसाचं आयुष्य तरी झालेलं असावं लागतं, आणि माझं अजून पंचविशीच्या आसपास रेंगाळतंय. शिवाय आमच्या घरात लिहिणं हे कधी कुणाचं काम नव्हतं. वडील, म्हणजे आप्पा, एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर, आई अंगणवाडीत मदतनीस. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पायरी चढल्यावर आत नेमकं काय करतात हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. त्यामुळे हे वाचून कुणाला "हा कोण लागून गेला?" असं वाटलं तर त्यांचं चुकत नाही. मलाही वाटतंच. पण जर्मनीतला तो एक हिवाळा मनातून जात नाही. त्या हिवाळ्यात मी ईशान नावाच्या मुलाचा सतत हेवा करत होतो. सकाळी दात घासताना करायचो, रात्री पांघरूण ओढताना करायचो. इतका वेळ दुसऱ्या कुठल्याच कामाला मी दिला नसेल, अभ्यासाला तर नाहीच.

आम्ही दोघं म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइममध्ये एका घरात राहत होतो. दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, त्याला लागून एक अरुंद बाल्कनी. ईशान पुण्याचा. आई डॉक्टर, वडील प्राध्यापक. त्याच्याकडे पैसा जास्त होता म्हणून मला त्रास व्हायचा असं नाही, खर्च तोही जपूनच करायचा. त्रास त्याच्या सहजपणाचा व्हायचा. प्रोफेसरांना तो "हॅलो" लिहून दोन ओळींत मेल पाठवायचा आणि त्याला उत्तर यायचं. मी तेच मेल तासभर लिहायचो, "आदरणीय" हा शब्द जर्मनमध्ये तीन प्रकारे घालून बघायचो, आणि शेवटी पाठवायचोच नाही. पेपर अवघड गेला तर तो आईला फोन करून सांगायचा, "आई, वाट लागली", आणि पलीकडून ती हसायची. माझ्या आईला "वाट लागली" म्हटलं असतं तर तिने देव पाण्यात ठेवले असते. माझा पेपर कायम "बरा" जायचा.

स्वयंपाक आम्ही आळीपाळीने करायचो. माझ्या पाळीला पिठलं नाहीतर मुगाची खिचडी, वर आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. त्याच्या पाळीला काहीही. तो फ्रीज उघडून उभा राहायचा आणि जे दिसेल त्याचं काहीतरी करायचा, आणि ते चांगलं व्हायचं. मी मोजून मीठ टाकायचो. रविवारी मिक्सर लावायचा नाही, कारण खालच्या बाई त्या दिवशी शांतता पाळायचा नियम दाखवायला वर येत. त्या शांततेत बाथरूममधून ईशानचा आवाज यायचा. शॉवरखाली तो दमाचा सराव करायचा. "कबड्डी कबड्डी कबड्डी" एका श्वासात, एका पट्टीत, पाण्याच्या आवाजावर तरंगत राहायचं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायला लागायचो. दर वेळी माझा दम आधी सुटायचा. मी ना सिगरेट ओढलेली, ना दुसरं काही. आणि आंघोळ करून तोच ईशान टॉवेल गुंडाळून बाल्कनीत जायचा आणि गांजाची कांडी पेटवायचा.

तेव्हा इथे कायदा बदलून फार दिवस झाले नव्हते. मोठ्या माणसाने स्वतःपुरता गांजा बाळगायला, घरी दोन-तीन रोपं लावायला मोकळीक मिळाली होती. आमच्या गावात गांजा म्हणजे महादेवाच्या देवळामागचा गोसावी. बाल्कनीतून तो वास पहिल्यांदा आत आला तेव्हा मला देवळामागची राख, चिमटा आणि तिथलं खरुजलेलं कुत्रं आठवलं होतं. मी खिडकी लावून घेतली.

"तुषारदादा काल तीन बिअर पिऊन सायकलवर घरी गेला," ईशान आमच्या कबड्डी संघाच्या कप्तानाबद्दल काचेपलीकडून म्हणाला. "त्याला कुणी काही बोललं? मी बसलो की तू खिडकी लावतोस."

"वास येतो."

"बिअरचा येत नाही?"

मी उलट विचारलं, "आणि हे ओढून गाडी चालवायची वेळ आली तर?"

"वेडा आहेस का? ओढलं की मी सायकललाही हात लावत नाही. दारूचं निदान बरं, उतरते. ह्याचं डोक्यातून उतरतं पण रक्तात रेंगाळतं, म्हणतात. म्हणून चालवायचं असेल तर आधी दोन-तीन दिवस सोडायला हवं." तो हसला. "आणि तसंही माझ्याकडे लायसन्स कुठाय? ड्रायव्हर तू."

ड्रायव्हर मी. हे शब्द तेव्हा मला किती गोड लागले ते आता सांगायला लाज वाटते, पण ते गोड का लागले हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या युनिव्हर्सिटीचा कबड्डीचा संघ होता. बहुतेक मराठी, थोडे पंजाबी, आणि योनास नावाचा एक जर्मन, जो आधी ज्युडो खेळायचा आणि पकड करताना अजूनही समोरच्याला फेकायचा. एकूण आम्ही दहा. स्पर्धेला जायला भाड्याची गाडी मिळायची ती नऊ सीटची, कारण साध्या लायसन्सवर इथे त्याहून मोठी गाडी चालवता येत नाही. म्हणजे दर वेळी एकजण मागे राहणार. कप्तान तुषारदादा, कोल्हापूरचा, पीएचडी करणारा, डोक्यावरचे केस उडालेले. त्याने पहिल्याच दिवशी नियम घातला होता, "मॅच झाली की पोरं बिअर पिणार. जो पीत नाही तो चालवणार." न पिणारा आणि लायसन्सवाला मी एकटाच होतो. खेळाडू म्हणून मी डाव्या कोपऱ्याचा राखीव, उतरलो तर शेवटची पाच मिनिटं. पण चालवणारा कधीच दहावा नसतो. माझी सीट पक्की होती.

आणि गाडी चालवणं ही एकच गोष्ट मी घरून शिकून आलो होतो. आप्पांची सगळी नोकरी एकही अपघात न होता गेली, त्याचा बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात गणपतीशेजारी आहे. ड्युटीच्या दिवशी आप्पा जेवणानंतर बडीशेपसुद्धा खात नसत. डेपोत निघताना यंत्रात फुंकायला लावत, आणि तोंडाला कसलाही वास असणं हेच त्यांना कमीपणाचं वाटे. मला शिकवताना ते मागच्या सीटवर बसत आणि म्हणत, "पॅसेंजरची मान हलली नाय पायजे." मी गिअर टाकायचो, आरशात बघायचो, आणि आप्पांची मान हललेली असायची.

जानेवारीत ईशानने लायसन्स काढलं. पहिल्याच फटक्यात. मला इथली परीक्षा दोनदा द्यावी लागली होती. सरावाच्या हॉलमध्ये मॅट घालता घालता तुषारदादा म्हणाला, "चला, न पिणारे ड्रायव्हर दोन झाले. माझी चिंता गेली." त्याची गेली ती सगळी माझ्याकडे आली. ईशान आमचा पहिला चढाईपटू. तो गाडीही चालवणार असेल तर माझं काय काम? मार्चमध्ये बॉबलिंगेनला एक स्पर्धा होती, आणि तिच्यानंतर मोठ्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी नऊ नावं ठरणार होती. दहावा कोण, हे मला आरशात दिसत होतं.

मी तुषारदादाला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. "दादा, ईशानला गाडी देऊ नका. तो ओढतो."

"पितो का?"

"पीत नाही. पण ओढतो ना."

"अरे, मग दारू नाही ना!" दादाने बुटाची नाडी सोडता सोडता वर बघितलं. "अक्षय, खरं सांग. जळतोस काय रे त्याच्यावर?"

बाकीचे हसले. योनासला मराठी कळत नव्हतं, तोही हसला. मी म्हणालो, "तसं नाही." पण तसं होतं. रस्त्यावरच्या माणसांची काळजी मला वाटत होती आणि ईशानने एकदा तरी चुकावं असंही वाटत होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. अजूनही कधी कधी करतो. जमत नाही.

बॉबलिंगेनला नऊजणच निघालो, कारण एकाची परीक्षा होती. जाताना गाडी मी चालवली. स्पर्धेत माझी वेळ शेवटच्या सामन्यात आली. समोरच्या चढाईपटूचा घोटा मी असा धरला की तो मध्यरेषेच्या हातभर अलीकडे आडवा झाला. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली पकड. सगळे माझं नाव घेऊन ओरडले. पण पुढच्याच चढाईत ईशान गेला, चार जणांच्या साखळीतून दम न सोडता सरपटत मध्यरेषेला बोट टेकवून आला, आणि माझी पकड त्याच क्षणी जुनी झाली. उरलेला दिवस सगळे त्या बोटाबद्दल बोलत होते.

दुपारी आम्हाला खेरकाकांकडे जेवायला बोलावलं होतं. काका मूळचे नाशिकचे, वीस-बावीस वर्षं तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत. महाशिवरात्र बुधवारी होऊन गेली होती, पण जर्मनीत आमचे सगळे सण रविवारी येतात, देवांनाही ते सवयीचं झालंय. पुन्हा उपासाचंच सगळं होतं. भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याचे वडे, रताळ्याच्या गोड फोडी. हॉलच्या कोपऱ्यात पिंडीवर बेलाऐवजी दुसरीच कुठली तीन पानं. काकांची मुलगी सोफ्यावरून "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत आईशी जर्मनमध्ये वाद घालत होती. काका आम्हाला खिडकीशी घेऊन गेले. आत आणून ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीशेजारी एक उंच, करवती पानांचं रोप होतं. "घरचं आहे," काका अभिमानाने म्हणाले. "एकदम कायदेशीर. लहानपणी त्र्यंबकला भांग प्यायलो होतो, त्यानंतर आत्ता!"

"काका, स्वतःपुरतं कायदेशीर," ईशान म्हणाला. "वाटायला नाही."

"अरे, प्रसाद वाटतोय मी!"

काकूंनी थंडाईचे स्टीलचे पेले आणले. हिरवट दूध, वर बदामाचे काप. ईशानने हात जोडले. "काकू, मला नुसतं केळं द्या."

"प्रसादाला नाही म्हणू नये रे," काकू म्हणाल्या.

त्याच्या त्या जोडलेल्या हातांचा मला इतका राग आला! बाल्कनीत उघडा बसून ओढणारा माणूस इथे देवाच्या पेल्याला नाही म्हणतो. मी पुढे होऊन पेला घेतला आणि संपवला. काकूंनी विचारलं, "अजून?" मी ईशानकडे बघत दुसराही घेतला. गोड होता, वेलदोड्याचा वास होता. आई दर शिवरात्रीला जो पेला कपाळाला लावून आमच्या हातात ठेवायची, त्याच्याहून वेगळं त्यात मला काही वाटलं नाही. दारूला मी कधी शिवलो नव्हतो, आणि हे पिताना आपण काही पितोय हे माझ्या मनातही आलं नाही.

गप्पा मारत बराच वेळ बसलो. निघताना दारात बूट घालत होतो, हातात गाडीची किल्ली होती. ईशानने हात पुढे केला.

"किल्ली दे."

"का?"

"दोन पेले घेतलेस तू."

"तो प्रसाद होता."

"पुढच्या ट्रकवाल्याला सांगशील का, प्रसाद होता म्हणून?"

"ए ईशान," तुषारदादा मध्ये पडला, "देवाचं आहे ते. दारू प्यायलाय काय तो?"

"तो चालवणार असेल तर मी ट्रेनने येतो," ईशान म्हणाला. आवाज चढवून नाही, नेहमीच्या त्याच सहज आवाजात. दादा कंटाळला होता, त्यानेही पेला घेतलेला होताच. "दे बाबा त्याला, अक्षय. कटकट नको." सगळ्यांसमोर मी किल्ली दिली. मला वाटलं, झालं, घेतली याने माझी सीट. मी सगळ्यात मागे जाऊन बसलो.

हमरस्त्याला लागल्यावर ती भांग चढली. तोंड कोरडं पडलं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे सावकाश येत होते, मग एकदम दोन-तीन एकत्र येत होते. पाटी वाचून तिचा अर्थ लागेपर्यंत ती मागे गेलेली असायची. मी सीटची कड घट्ट धरली. आणि तेवढ्यातही माझं लक्ष कुठे गेलं, तर पुढच्या सगळ्यांच्या मानांकडे. ईशान गिअर बदलत होता, ट्रकच्या मागे हळू होत होता, पुन्हा वेग घेत होता, आणि एकाचीही मान हलत नव्हती.

उजेड होता अजून, तेव्हा पोलिसांनी आमच्यासकट बऱ्याच गाड्या एका पार्किंगमध्ये वळवल्या. नेहमीची तपासणी. तरुण पोलीस बाई होत्या. दारू? ईशानने यंत्रात फुंकलं, काही नाही. मग त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, कॅनबिस, म्हणजे गांजा, कधी घेतला होता का? नाही म्हणाला असता तर कदाचित तिथेच संपलं असतं. "आल्झो," ईशान जर्मनमधला 'तर' लावून म्हणाला, "गुरुवारी. आज नाही." त्यांनी लाळेची चाचणी घेतली. पट्टीवर अंधूक रेघ उठली. मग रक्त द्यायला त्याला पोलिसांच्या गाडीत बसवून नेलं, आणि आमच्या गाडीची किल्ली त्या दिवसापुरती काढून घेतली. तो जाताना वळून एकदा माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तो योनासला सांगत होता, माझी बॅग तेवढी घे.

तुषारदादा पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होता. "अक्षय सांगत होता मला! मी ऐकलं नाही."

"दादा," मी म्हणालो. जीभ जड झाली होती. "मी चालवत असतो तर जास्त निघालं असतं. मी आत्ता बसूही शकत नाहीये नीट."

दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, तू कशाला मनाला लावून घेतोस? तुझा प्रसाद होता." बाकीच्यांनीही हसून माना डोलावल्या. मी आणखी दोनदा सांगून बघितलं. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. जवळच्या गावातून आम्ही ट्रेन धरली. गाडी दुसऱ्या दिवशी काकूंनी आणून पोचवली. वाढण्याच्या गडबडीत त्या दिवशी त्यांनी थेंबही घेतलेला नव्हता.

रक्ताचा निकाल यायला काही आठवडे लागणार होते. तोवर ईशानला संघात घ्यायचं नाही असं दादाने ठरवलं. नऊ नावांत माझं नाव आलं, पहिलंच, ड्रायव्हर म्हणून. ते कळलं त्या संध्याकाळी ईशान स्वयंपाकघरात फ्रीज उघडून उभा होता.

"मी दादाला सांगितलं होतं, माझ्या पेल्यांचं," मी म्हणालो.

"हसले ना?"

"हो."

"वाटलंच." त्याने भोपळी मिरची बाहेर काढली. "नीट चालव. आणि डाव्या कोपऱ्यात पाय आधी टाकू नकोस, तुझा बेत सगळ्यांना कळतो."

ते खरं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. चिडला असता तर किती बरं झालं असतं. मोठ्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, चढाई करायला कुणी नव्हतं. परतीच्या वाटेवर आरशात बघितलं तर सगळ्यांच्या माना डुलत होत्या.

आप्पांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डेपोत फुकून बघत्यात ती दारूच. शिवरात्रीला आमीबी घ्यायचो की. सकाळी ड्युटी असायची." फोनमध्ये मागे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. "त्या पोरानं किल्ली काढून घेतली म्हणतोस?"

"हो."

"पोरगं चांगलं हाय."

मला आप्पांनी असं कधी म्हटलेलं आठवत नाही. म्हटलं नसेल म्हणून त्यांना वाटत नसेल असं नाही, हे मला कळतं. पण फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत गेलो, जिथे तो बसायचा त्याच खुर्चीत बसलो, आणि त्या तीन शब्दांसाठी इतका जळलो की त्याच्या चढाईवर, त्याच्या मेलवर, कशावरच तेवढा जळलो नसेन.

सेमिस्टर संपल्यावर ईशान बॉबलिंगेनला एका गाड्यांच्या कंपनीत इंटर्नशिपला गेला. जाताना त्याने कढई माझ्यासाठी ठेवली. निकालाबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि नंतर फोनही राहून गेले. संघात अजून सगळे म्हणतात, पोलिसांनी पकडलेला तो. मी प्रत्येक वेळी पेल्यांचं सांगतो. प्रत्येक वेळी हसतात.

यंदाच्या शिवरात्रीनंतर खेरकाकूंचा फोन आला. काकांनी ते रोप काढून टाकलं, आता साधी बदामाची थंडाई करतो, येऊन जा, असं म्हणत होत्या. बोलता बोलता ईशानचा विषय निघाला. "तुला माहीत नाही?" काकू म्हणाल्या. "अरे, त्याचा निकाल तर तेव्हाच आला. मर्यादेच्या आतच होतं सगळं. प्रकरण मिटलं. पण तेव्हापासून त्याने ओढणंच सोडलंय, म्हणतो चाचणीची झंझट नको. आता इथल्या क्लबकडून खेळतो. त्यांची गाडीही तोच चालवतो."

मला आनंद झाला. खरंच झाला, काकूंनाही तो ऐकू गेला असेल. मग मी विचारलं, "किती सीटची आहे हो गाडी?"

"नऊ असतील. का रे?"

"काही नाही, सहज," मी म्हणालो. त्यांच्यातला दहावा कोण असेल, एवढंच मनात आलं होतं.